आंब्याकडचं दुसरं वाक्य

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. एका गावाबाहेर एक तळं होतं. तळ्याच्या बांधाशी मोकळं मैदान होतं, मैदानाच्या एका अंगाला आंब्याचं झाड होतं आणि दुसऱ्या अंगाला चिंचेचं. आता झाडं म्हटली की माणसांनी सावलीला बसावं आणि गप्प राहावं. पण माणसं कसली गप्प राहतात? त्या गावात दोन तट पडले होते, आंब्याकडचे आणि चिंचेकडचे.

तट म्हणजे कसले, तर अगदी पक्के. आंब्याकडच्या बायका आमटीत चिंच घालत नसत, आमसूल घालत. चिंचेकडचे लोणचं घालत ते लिंबाचं, कैरीला हात लावत नसत. आंब्याकडची मुलगी चिंचेकडे दिली तर पाठवणीला आई जरा जास्तच रडायची. का भांडण, कशावरून भांडण, हे कोणालाच सांगता येत नसे, पण झाडासाठी जीव द्यायला सगळे तयार.

दर काही वर्षांनी, चैत्र सरता सरता, तळ्याचा कारभारी निवडायचा दिवस यायचा. कारभारी म्हणजे लहानसहान माणूस नव्हे. तळ्याची मोरी कधी उघडायची, कोणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी द्यायची, हे सगळं त्याच्या हातात. निवड कशी व्हायची, तर साधी. आंब्याकडचे आंब्याखाली बसायचे, चिंचेकडचे चिंचेखाली. ज्यांची तळ्याखाली शेती नव्हती, नुसती गुरं पाणी प्यायची, ते कोणाच्याच बाजूचे नसत. ते मधल्या मैदानात उन्हात बसायचे. दोन्ही बाजूंनी आपापला माणूस उभा केला की हे मधले उठायचे आणि पटेल त्या झाडाखाली जाऊन बसायचे. ज्या झाडाखाली जास्त माणसं, त्याचा कारभारी. दोन्ही तट जवळपास सारखेच होते, म्हणून खरी निवड व्हायची ती या मधल्यांच्या उठण्यावर.

आणि मधले कशावर उठायचे? तर जामिनावर. प्रत्येक तटातलं एक वडीलधारं माणूस उभं राहायचं, आपल्या उमेदवाराचा हात धरायचं आणि दोन वाक्यं बोलायचं. "हा आमचा माणूस. याचा शब्द तो माझा शब्द." बस्स, एवढंच. पण दुसऱ्या वाक्याला किंमत होती. उद्या कारभाऱ्यानं दिलेला शब्द मोडला, तर जामिनानं आपल्या शेताची पाण्याची पाळी सोडून द्यायची, असा रिवाज होता.

आंब्याकडचा जामीन ठकूबाईच्या घराण्यात चालत आलेला. नाव ठकूबाई, पण बाईनं जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. तिच्या सासऱ्यानं एकदा ज्याचा हात धरला होता त्यानं शब्द मोडला, तेव्हा म्हाताऱ्यानं एका अक्षरानं कुरकुर न करता आपली पाळी सोडली. पोटरीला आलेलं भात डोळ्यांदेखत वाळलं. त्या वर्षी त्या घरानं नाचणीची आंबील पिऊन दिवस काढले, पण रस्त्यानं जाताना म्हाताऱ्याची मान ताठ होती. ठकूबाई तेव्हा नवी सून होती. तिनं ते पाहिलं होतं आणि आपण या घरात आलो याचा तिला फार अभिमान वाटला होता.

पुढे काय झालं, काळ चांगला आला. कारभारी बरे निघत गेले, शब्द मोडायची वेळ येईना आणि लोकांना घाई झाली. "हा आमचा माणूस" एवढं ऐकलं की आंब्याखाली जो तो आरोळी ठोकायचा आणि हलगी सुरू व्हायची. दुसरं वाक्य हलगीत बुडून जायचं. चिंचेकडेही तेच. ठकूबाई दुसरं वाक्य म्हणायची, पण ते तिचं तिलाच ऐकू यायचं. गावातल्या पोराटोरांना तर जामीन एकाच वाक्याचा असतो असंच वाटायला लागलं होतं. सवय फार वाईट असते हो, ती मीठसुद्धा अळणी करून टाकते.

गेल्या दोन्ही निवडींना आंबा हरला होता. चिंचेकडचा कारभारी सखोबा हा लुकडा, चेंगट आणि तिरसट माणूस. मोरी उघडायला उशीर करायचा, दहा वेळा खात्री करायचा, हसायचा तर कधीच नाही. आंब्याकडचे त्याच्या नावानं खडे फोडायचे. यंदा काही झालं तरी आंबा जिंकलाच पाहिजे, असं सगळ्यांनी मनात घेतलं होतं. आणि जिंकून देईल असा माणूसही होता. त्याचं नाव हैबती.

हैबती उंचापुरा, आवाज खणखणीत. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्यापासून आपल्या बांधावरून दूध वाहणार. मधल्या लोकांना तो फार आवडायचा. पण आंब्याकडचे त्याला जवळून ओळखत होते, आणि तिथेच पंचाईत होती. मागच्या उन्हाळ्यात आंब्याकडचा पाट त्याच्या ताब्यात दिला होता, तर पठ्ठ्यानं एकाच दिवसाची पाळी तीन घरांना कबूल केली. तिन्ही घरची माणसं खोरी घेऊन बांधावर हजर, आणि पाणी गेलं हैबतीच्या उसाला. पावसाळ्यात बांधाला भगदाड पडलं, ते बुजवायला हा पोचला तेव्हा काम संपलं होतं. पण नंतर महिनाभर छातीवर हात मारून सांगत होता, "मी खांदा लावला म्हणून तळं वाचलं." धोतराला चिखलाचा शिंतोडा नव्हता. लोक हसायचे, म्हणायचे, हैबतीचा शब्द म्हणजे अळवावरचं पाणी.

तर अशा माणसाला कारभारी करायचं की नाही, यावर आंब्याकडच्या घराघरांत खल सुरू झाला. एक म्हणे, खोटा असला तरी आपला आहे. दुसरा म्हणे, खोट्याच्या हाती मोरी दिली तर आधी आपलंच शेत वाळेल. नवरा एक बोले, बायको दुसरं. पण शेवटी सगळे एकाच वाक्यावर यायचे, की ठकूबाईनं हात धरला म्हणजे झालं, मग आपण कशाला डोकं शिणवावं. बघा, माणसं किती हुशार असतात. स्वतःचा पेच दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळी होतात.

ठकूबाईला मात्र घास गोड लागेना. तिची धाकटी जाऊ मैना तिला समजवायला आली. मैना तोंडाची फटकळ, पण पोटात एक आणि ओठात एक असं तिचं कधी नव्हतं. तिनं कणीक मळता मळता आपली बाजू मांडली. हैबती कसा आहे ते मलाही माहीत आहे, म्हणाली, त्या तीन घरांतलं एक घर माझंच होतं. पण चिंचेकडच्यांनी तिसऱ्यांदा कारभार नेला तर आपली पोरं उद्या आंब्याखाली बसायला लाजतील. दगडापेक्षा वीट मऊ, जाऊबाई.

"वीट मऊ असते गं," ठकूबाई म्हणाली, "पण डोक्यात पडली तर खोक पडतेच."

"मग काय सखोबाला जिंकवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरचं घरात ठेवावं."

मैना रागानं परात आपटून निघून गेली. ती चुकीचं बोलत होती असंही ठकूबाईला म्हणवेना. आपला तट हरावा असं तिला थोडंच वाटत होतं? लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या झाडाखाली बसत होती. तिचा नवरा गेला तेव्हा त्याच झाडाच्या माणसांनी तिचं शेत नांगरून दिलं होतं. आंबा म्हणजे तिला माहेर आणि सासर दोन्ही होतं.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी हैबती स्वतः आला. अंगणात बसला, पाणी प्याला, घराण्याची तारीफ केली, सासऱ्यांचं नाव निघालं तेव्हा डोळे पुसले. ठकूबाईनं सरळ विचारलं, की बाबा, तीन घरांची पाळी बुडवलीस, त्याचं काय? हैबती हसला. राजकारणात असं होतंच, म्हणाला, आणि कारभारी झालो की सगळ्यांची भरपाई करीन. मग जरा पुढे सरकून त्यानं आवाज खाली आणला.

"काकू, तुम्हाला दुसऱ्या वाक्याची अडचण वाटते ना? मग म्हणूच नका ते. हलगीवाल्यांना मी सांगून ठेवलंय. तुम्ही 'आमचा माणूस' म्हणालात की लगेच हलगी कडाडेल. कुणाला कळणार? खोटं बोलायचं पापही नाही आणि आपला आंबाही जिंकला."

असं म्हणून तो नमस्कार करून गेला, आणि ठकूबाई अंगणात तशीच बसून राहिली. खरं सांगायचं तर तिला क्षणभर हायसं वाटलं. वाट सापडली होती. जीभ स्वच्छ, तट खूश, मैना खूश. मग हळूहळू तिला त्या हायशा वाटण्याचाच राग यायला लागला. सासऱ्यांनी ज्या वाक्यासाठी उभं पीक वाळू दिलं, ते वाक्य हा माणूस हलगीखाली पुरायला निघाला होता, आणि फावडं माझ्या हातात देऊन गेला, असं तिच्या मनात आलं. दिवसभर तिला दुसरं काही सुचलं नाही.

निवडीचा दिवस उजाडला. आंब्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. चिंचेखालीही तेवढीच गर्दी. मधले लोक डोक्याला उपरणी गुंडाळून उन्हात बसले होते. पहिली पाळी चिंचेची होती. त्यांच्या जामिनानं सखोबाचा हात धरला, "हा आमचा माणूस" म्हटलं, त्यांची हलगी वाजली आणि पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मधल्यांनी जांभया दिल्या. त्यांचे डोळे हैबतीकडे लागले होते.

ठकूबाई उठली. तिनं नऊवारीचा पदर खोचला, पुढे झाली आणि हैबतीचा हात धरला. हैबतीनं हसून मैदानाकडे पाहिलं.

"हा आमचा माणूस," ठकूबाई म्हणाली.

हलगी कडाडली, आरोळ्या उठल्या. ठकूबाईनं दुसरा हात वर केला. तो तसाच वर धरून ठेवला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग पुढच्या ओळीतली माणसं गप्प झाली, मग मागची. हलगीवाले हैबतीकडे बघत राहिले, पण म्हातारीचा हात काही खाली येईना, तेव्हा त्यांनीही टिपऱ्या थांबवल्या. मैदानात इतकी शांतता झाली, की तळ्यावरच्या टिटवीचा आवाज यायला लागला.

ठकूबाईचा आवाज कापला नाही. "हा आमचा माणूस, हे खरं आहे," ती म्हणाली. "आमच्याच सावलीत वाढला. उद्या याच्या घराला आग लागली तर पहिली घागर मी घेऊन धावेन. पण जामिनाला आणखी एक वाक्य असतं. ते तुम्ही बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही. याचा शब्द तो माझा शब्द, असं ते वाक्य आहे. ते मला याच्यासाठी म्हणता येत नाही."

आणि तिनं हैबतीचा हात सोडला. रागानं झटकला नाही, हळूच खाली ठेवला.

हैबतीचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो ओरडला, "काकू, तुम्ही आंब्याकडच्या आहात की चिंचेकडच्या?"

"आंब्याकडची आहे म्हणून तर," ठकूबाई म्हणाली. "चिंचेकडची असते, तर तुझ्यासाठी हसत हसत दोन्ही वाक्यं म्हटली असती."

मग ती परत गेली आणि आंब्याच्या बुंध्याशी आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. लोकांना वाटलं होतं, आता ही चिंचेखाली जाणार किंवा घरी जाणार. पण ती जागची हलली नाही. तिच्याभोवती मात्र चलबिचल झाली. काही माणसं खाली मान घालून उठली आणि मधल्या उन्हात जाऊन बसली. चिंचेखाली जायला त्यांचं मन घेईना, आणि हैबतीच्या नावानं सावलीत बसवेना. मधले लोक मात्र उठले ते सरळ चिंचेखाली गेले. आंबा तिसऱ्यांदा हरला.

आता गोष्टीत लगेच फळ मिळतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही झालं. ठकूबाईला वाईट दिवस आले. तिला कोणी घरभेदी म्हटलं, कोणी म्हटलं चिंचेकडच्यांनी हिला फितवलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं नाही. मैना पाणवठ्यावर तोंड फिरवून उभी राहायची. आणि हैबती? तो तर दारोदार सांगत हिंडला, की मी जिंकलोच होतो. ठकूबाई दुपारची एकटी आंब्याखाली जाऊन बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, माझं झाड आहे, मी बसणार.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं. सखोबा आधीच चेंगट, त्यात पाणी कमी, त्यामुळे तो थेंबाथेंबाचा हिशेब करायला लागला. आंब्याकडच्या शेवटच्या शेतांना पाणी पोचतच नव्हतं, वाटेत पाटाचा काठ खचून सगळं ओढ्यात जात होतं. आंब्याकडचे गाऱ्हाणं घेऊन गेले. सखोबानं ऐकलं आणि मान हलवली. पाणी कमी पडलं की सगळेच असं सांगतात, म्हणाला, आणि दोन वर्षांमागे तुमच्याच पाटावर तीन घरांना एक पाळी दिली होती, ते विसरलो नाही मी. सगळे परत आले. भात पिवळं पडायला लागलं.

शेवटी मैनाच उठली आणि ठकूबाईच्या दारात गेली. वर्षभरानं पहिल्यांदा. "जाऊबाई, तुम्ही चला," एवढंच म्हणाली. ठकूबाईनं चपला घातल्या, पाटाच्या टोकापर्यंत चालत गेली, खचलेला काठ डोळ्यांनी पाहिला आणि मग सखोबाकडे गेली. पाणी पोचत नाही, म्हणाली, काठ खचलाय, मी बघून आले.

सखोबा उठला. त्यानं माणूस पाठवून खात्री केली नाही, दहा प्रश्न विचारले नाहीत. मोरी जास्त उघडायला सांगितली आणि काठ बांधायला चिंचेकडची माणसं धाडली. मैनाला राहवलं नाही. तिनं विचारलं, आम्ही सगळ्यांनी सांगितलं तेव्हा पटलं नाही, आणि आता तपास न करताच पटलं, असं कसं?

सखोबा तिरसटपणेच म्हणाला, "हिनं स्वतःचा तट हरवला पण खोटं बोलली नाही. ती माझ्याशी कशाला खोटं बोलेल?"

हे वाक्य त्या दिवशीच गावभर झालं. आंब्याकडच्या घरांत लोक ते एकमेकांना सांगायचे आणि सांगताना त्यांची छाती फुगायची. ज्यांनी तिला घरभेदी म्हटलं होतं, तेच आता म्हणायला लागले, की अहो, आमच्या आंब्याकडचा शब्द आहे, चिंचेकडच्यांनाही मान्य करावा लागतो. लोक असेच असतात, त्यांना हसू नका. चांगल्या गोष्टीचा अभिमान उशिरा वाटला तरी तो अभिमानच.

मग पुन्हा निवड आली. यावेळी आंब्याखाली आधीच वाद झाला, आणि मोकळेपणानं झाला. कोणी हैबतीचं नाव घेतलं नाही. तोही मागच्या ओळीत येऊन बसला होता. त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही, आमचा माणूस तो होताच. बरीच भवति न भवति होऊन मैनाचं नाव निघालं. मैना म्हणाली, मी तर जाऊबाईंशी वर्षभर बोलले नव्हते, त्या माझा हात कशाला धरतील?

ठकूबाई मैदानात आली तेव्हा हलगीवाल्यांनी टिपऱ्या काखेत धरल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिनं मैनाचा हात धरला आणि म्हणाली, "ही आमची बाई. माझ्यावर रागावली ती तोंडावर, आणि मी बरोबर होते असं वाटलं तेव्हा दारात आली तीही तोंडावर."

मग तिनं श्वास घेतला. आंब्याखाली, उन्हात, चिंचेखाली कुणी हलत नव्हतं. म्हातारीनं मान ताठ केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिचा शब्द तो माझा शब्द."

मधले लोक उठले आणि आंब्याकडे चालू लागले. एकामागून एक सगळे. तेवढ्यात आंब्याखाली बसलेलेही उठून उभे राहिले, कुणासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण डोळ्यांत पाणी होतं. समोर चिंचेखाली सखोबाही उठून उभा राहिला. तो हरला होता, तरी उभा राहिला.

तर मंडळी, यातून घ्यायचं ते असं. तात्पर्य: आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहावं, पण त्याच्या खोट्यावर पांघरूण घालू नये, कारण तट एखाद्या वेळी हरला तर पुन्हा जिंकतो, शब्द हरला तर जिंकायला काही उरत नाही.